सामुदायिक आरोग्य आघाडी

सामुदायिक आरोग्य आघाडी म्हणजे एखाद्या विशिष्ट भूप्रदेशातील संस्था, शासकीय यंत्रणा, लोकसंघटना, व्यावसायिक आणि सामान्य नागरिक यांनी आरोग्यविषयक समान उद्दिष्टासाठी स्वेच्छेने उभारलेली सामाईक व्यवस्था होय. घटक संस्थांचे स्वतंत्र अस्तित्व कायम राहते. मात्र प्रश्नाची निवड, कामाची विभागणी आणि साधनांचा वापर यांविषयीचे निर्णय एकत्रितपणे घेतले जातात. अशा आघाडीचे स्वरूप ती ज्या समाजात जन्म घेते त्या समाजाच्या इतिहास, भूगोल, जातिव्यवस्था, अर्थकारण आणि राजकारण यांवरून मोठ्या प्रमाणात ठरते. त्यामुळे एका ठिकाणी यशस्वी ठरलेली रचना दुसऱ्या ठिकाणी जशीच्या तशी रुजत नाही, असा अनुभव अनेक देशांत आला आहे. महाराष्ट्रात जामखेड, गडचिरोली, मेळघाट, धारावी अशा परस्परभिन्न परिसरांत झालेले प्रयोग या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

संज्ञा आणि व्याप्ती

'आघाडी' हा शब्द मराठीत मुख्यतः राजकीय पक्षांच्या युतीसंदर्भात वापरला जातो. आरोग्यक्षेत्रात तो अधिक व्यापक अर्थाने योजला जातो. ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र, महिला मंडळ, बचत गट, शाळा, खासगी डॉक्टर, स्वयंसेवी संस्था आणि प्रसंगी धार्मिक संस्था हे सर्व आघाडीचे घटक असू शकतात. समिती व आघाडी यांत फरक केला जातो. समिती शासकीय आदेशाने स्थापन होऊ शकते. आघाडी मात्र घटकांच्या परस्परविश्वासाशिवाय उभी राहत नाही. प्रत्यक्षात अनेक समित्या कालांतराने आघाडीचे रूप घेतात आणि अनेक आघाड्या केवळ कागदावरील समित्या होऊन राहतात.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

१९७८ मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघातील अल्मा-आटा येथे झालेल्या प्राथमिक आरोग्यसेवाविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेने, आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत लोकांचा सहभाग हा त्यांचा हक्क व कर्तव्य आहे, असे तत्त्व मांडले. १९८६ च्या ओटावा सनदेने आरोग्यसंवर्धनासाठी सामुदायिक कृती बळकट करण्यावर भर दिला. त्याच सुमारास 'निरोगी शहरे' ही चळवळ युरोपात आणि उत्तर अमेरिकेत पसरली व स्थानिक आघाड्यांना धोरणात्मक मान्यता मिळाली.

आघाड्यांच्या जडणघडणीची पद्धतशीर मांडणी अमेरिकेतील फ्रान्सेस बटरफॉस व मिशेल केग्लर यांनी २००२ मध्ये 'सामुदायिक आघाडी कृती सिद्धांता'त केली. या सिद्धांतानुसार आघाडी तीन अवस्थांतून जाते: निर्मिती, संगोपन आणि संस्थात्मक स्थैर्य. प्रत्येक अवस्थेवर स्थानिक संदर्भाचा परिणाम होतो. निर्मितीच्या अवस्थेत एक निमंत्रक संस्था पुढाकार घेते, समाजातील निरनिराळ्या घटकांना एकत्र आणते आणि कार्यपद्धती व नेतृत्व निश्चित होते. केग्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील आठ 'निरोगी शहरे व समुदाय' आघाड्यांचा तुलनात्मक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. आघाडीच्या जन्मकाळी समाजसंदर्भ नेमका कोठे आणि कसा काम करतो, हाच त्या अभ्यासाचा विषय होता.

संदर्भाचे प्रमुख घटक

सहकार्याचा पूर्वेतिहास. एखाद्या गावात पूर्वी पाणीपुरवठा, दुष्काळी कामे वा शाळा यांसाठी लोक एकत्र आले असतील, तर नव्या आघाडीस तयार ओळखी आणि विश्वास मिळतो. पूर्वीचा प्रयत्न फसवणुकीत वा भांडणात संपला असेल, तर तीच आठवण अडसर ठरते. जुन्या सहकार्याची एक मर्यादाही आहे: नेहमीची माणसेच पुन्हा एकत्र येतात आणि पूर्वी वगळलेले घटक पुन्हा वगळले जातात.

सामाजिक रचना. जात, लिंग, भाषा आणि धर्म यांनी आखलेल्या सीमा बैठकीतही सोबत येतात. बैठक कोठे भरते, कोण कोठे बसते, कोणत्या भाषेत बोलले जाते, स्त्रिया बोलतात की केवळ उपस्थित असतात, यांवरून आघाडीचा खरा पाया समजतो. मारुतीच्या मंदिरात वा पाटलाच्या वाड्यात भरणाऱ्या सभेस गावातील सर्व वस्त्यांतील लोक सारख्याच मोकळेपणाने येतील, असे गृहीत धरता येत नाही.

भूगोल. विखुरलेले पाडे, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि बाजाराच्या गावाचे अंतर यांवर बैठकींची वारंवारता अवलंबून असते. दाट नागरी वस्तीत अंतर कमी असते. परंतु लोकांच्या कामाच्या वेळा निरनिराळ्या असतात आणि भाडेकरूंची ये-जा सतत चालू असते.

अर्थकारण. हंगामी स्थलांतर असलेल्या भागांत ऊसतोडणी किंवा वीटभट्टीच्या काळात गावातील सक्रिय माणसेच बाहेर असतात. रोजंदारीवर जगणाऱ्या स्त्रीला एका बैठकीसाठी एक दिवसाची मजुरी सोडावी लागते. म्हणून 'लोकांना रस नाही' हा निष्कर्ष काढण्यापूर्वी बैठकीची किंमत कोण मोजतो हे पाहणे आवश्यक असते.

सत्ता व राजकारण. ग्रामपंचायतीतील गट, सहकारी संस्था आणि स्थानिक नेते आघाडीला बळ देऊ शकतात किंवा तिला आपल्या गटाचे साधन बनवू शकतात.

निमंत्रक संस्थेची प्रतिमा. निमंत्रण कोण देते यावर कोण येणार हे बऱ्याच अंशी ठरते. शासकीय रुग्णालयाने बोलावलेल्या सभेत त्याच रुग्णालयाविषयीच्या तक्रारी मोकळेपणाने मांडल्या जाणे अवघड असते.

महाराष्ट्रातील उदाहरणे

जामखेड

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. मराठवाड्याच्या सीमेलगतचा हा अवर्षणप्रवण तालुका. प्रकल्पाच्या आरंभीची वर्षे १९७० ते १९७३ च्या तीव्र दुष्काळाची होती. लोकांची पहिली गरज औषध नसून पाणी आणि अन्न आहे, हे ध्यानात घेऊन प्रकल्पाने पिण्याच्या पाण्यासाठी विंधन विहिरी घेणे, मुलांसाठी पूरक आहाराची व्यवस्था करणे अशा कामांपासून प्रारंभ केला.

गावात माणसे जातीनुसार विभागलेली होती. ती एकत्र यावीत म्हणून तरुणांसाठी व्हॉलीबॉलसारखे खेळ सुरू करण्यात आले. खेळाच्या निमित्ताने जमलेल्या पुरुषांतून शेतकरी मंडळे निर्माण झाली आणि पुढे महिला मंडळे उभी राहिली. विंधन विहिरींची जागा निवडतानाही सामाजिक वास्तवाचा विचार झाला. हातपंप दलित वस्तीत बसविल्यामुळे, पाण्यासाठी दारोदार विनवणी करावी लागणाऱ्यांच्याच वस्तीत इतरांना यावे लागले. येथे पाण्याची योजना आणि सामाजिक बदल यांची गाठ घालण्यात आली होती.

आरंभी प्रशिक्षित परिचारिकांना गावोगावी नेमण्याचा प्रयत्न झाला. शहरी वा निमशहरी वातावरणात वाढलेल्या या परिचारिका आणि गावातील स्त्रिया यांच्यातील सामाजिक अंतरामुळे तो फारसा यशस्वी झाला नाही. त्यानंतर गावानेच निवडलेल्या स्थानिक स्त्रियांना ग्राम आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार करण्यात आले. त्यांपैकी अनेक निरक्षर आणि दलित समाजातील होत्या. प्रशिक्षणासाठी जामखेडला येणाऱ्या निरनिराळ्या जातींच्या या स्त्रिया एकत्र राहत व एकत्र जेवत. आघाडीची वीण प्रत्यक्षात या एकत्र राहण्यातूनच पक्की झाली. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोली

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. घनदाट वने, गोंड व माडिया समाजाची मोठी वस्ती आणि तुरळक दळणवळण ही त्याची वैशिष्ट्ये. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये येथे 'सर्च' या संस्थेची स्थापना केली.

संस्थेने प्रारंभी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा अभ्यास केला. वैद्यकीयदृष्ट्या हा प्रश्न महत्त्वाचा होता; परंतु लोकांच्या मनात त्याला अग्रक्रम नव्हता आणि त्यावर लोककृती उभी राहिली नाही. 'लोकांवर संशोधन' आणि 'लोकांसोबत संशोधन' यांतील भेद डॉ. बंग यांनी या अनुभवाच्या आधारे मांडला आहे. आघाडीच्या निर्मितीत प्रश्नाची निवड कोण करते, हा मुद्दा यातून स्पष्ट होतो.

रुग्णालयाच्या उभारणीपूर्वी आदिवासी गावकऱ्यांशी चर्चा करण्यात आली. मोठ्या इमारती, पांढऱ्या पोशाखातील अनोळखी माणसे आणि नातेवाइकांना रुग्णाजवळ राहण्यास मज्जाव यांची त्यांना भीती वाटत असे. त्यामुळे आदिवासी गावासारखी, झोपडीवजा घरांची रचना स्वीकारण्यात आली आणि दवाखान्यास लोकांच्या श्रद्धास्थानावरून 'माँ दंतेश्वरी' हे नाव देण्यात आले.

डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून केलेला स्त्रीरोगविषयक अभ्यास १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांमध्ये एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे गरोदरपण व कुटुंबनियोजन, अशी यंत्रणेची धारणा होती. त्या धारणेला या निष्कर्षांनी धक्का दिला.

जिल्ह्यातील स्त्रियांच्या दृष्टीने पुरुषांचे दारूव्यसन हा मारहाण, उपासमार आणि कर्ज यांचे मूळ असणारा प्रश्न होता. त्यातून उभ्या राहिलेल्या दारूमुक्ती आंदोलनात गावोगावच्या स्त्रिया, युवक, सामाजिक कार्यकर्ते आणि स्थानिक संस्था सहभागी झाल्या. १९९३ मध्ये शासनाने जिल्ह्यात दारूबंदी लागू केली. तथापि मोहफुलांच्या दारूला आदिवासी समाजाच्या विधींमध्ये स्थान असल्याने, बाहेरून येणारी दारू आणि परंपरेतील दारू यांविषयीची भूमिका सर्व गावांत सारखी नव्हती. बंदीनंतरही अवैध विक्रीचा प्रश्न शिल्लक राहिला. २०१६ मध्ये राज्य शासन, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागाने 'मुक्तिपथ' हा दारू व तंबाखू नियंत्रणाचा जिल्हाव्यापी कार्यक्रम सुरू झाला. त्यात गावपातळीवरील संघटनांना मध्यवर्ती स्थान आहे.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याशी केलेली तुलना उद्बोधक आहे. कोळसा खाणी, औष्णिक वीजकेंद्र आणि औद्योगिक वसाहती असलेल्या या जिल्ह्यातही स्त्रियांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०१५ मध्ये दारूबंदी झाली. मात्र अवैध विक्री व गुन्हेगारी वाढल्याचे कारण देऊन शासनाने २०२१ मध्ये ती उठविली. मागणी सारखी असली, तरी अर्थव्यवस्था, नागरीकरण आणि विरोधी हितसंबंधांचे बळ निराळे असल्यास परिणामही निराळा होऊ शकतो.

बालमृत्यूंची गणना

महाराष्ट्रातील १३ स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या कार्यक्षेत्रांत बालमृत्यूंची नोंद केली. त्यावर आधारित 'कोवळी पानगळ' हा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्षातील बालमृत्यू शासकीय नोंदीपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे त्यातून दिसून आले. जन्मल्यावर काही तासांतच गेलेल्या बाळाचे अनेकदा नावही ठेवलेले नसते. त्याची जन्मनोंद होत नाही आणि मृत्यूचीही नाही. असे दुःख कुटुंब परक्यापुढे सहसा बोलून दाखवीत नाही. वर्षानुवर्षे त्या गावांत काम करणाऱ्या संस्थांना ही माहिती मिळविणे तुलनेने शक्य होते. एकट्या संस्थेचा अहवाल 'त्या भागापुरता' म्हणून दुर्लक्षिता आला असता; आदिवासी, ग्रामीण व नागरी अशा भिन्न भागांतील संस्थांनी मिळून केलेल्या नोंदीस तसे बाजूला सारणे कठीण झाले. पुढे राज्य शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली.

आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेख

डिसेंबर २००० मध्ये बांगलादेशातील सावार येथे जागतिक जन आरोग्य सभा भरली. तिच्या पूर्वतयारीतून भारतात जन स्वास्थ्य अभियान हे देशव्यापी जाळे निर्माण झाले. महाराष्ट्रात ते जन आरोग्य अभियान या नावाने काम करते. २००४ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोग व जन स्वास्थ्य अभियान यांनी आरोग्यसेवेच्या हक्काविषयी विभागीय जनसुनावण्या घेतल्या. त्यानंतर आलेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेखीची तरतूद झाली आणि २००७ मध्ये नऊ राज्यांत तिचा प्रायोगिक प्रारंभ झाला.

महाराष्ट्रात प्रथम अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे पाच जिल्हे निवडण्यात आले. राज्यस्तरीय समन्वय पुण्यातील 'साथी' या संस्थेकडे होता. गाव, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा व राज्य अशा पाच पातळ्यांवर समित्यांची रचना होती. गावातील लोक लसीकरण, बाळंतपणाची सेवा, औषधांची उपलब्धता, कर्मचाऱ्यांची वागणूक यांविषयी आपले मत प्रगतिपत्रकात नोंदवीत. चांगल्या सेवेस हिरवा, मध्यम सेवेस पिवळा आणि वाईट सेवेस लाल रंग, अशी ही पद्धत असल्याने निरक्षर व्यक्तीसही निकाल समजत असे. त्यावर आधारित जनसुनावणीत अधिकाऱ्यांना लोकांपुढे उत्तर द्यावे लागे. बाहेरून औषधे आणावयास लावणे, बेकायदा पैसे मागणे, डॉक्टरांची अनुपस्थिती आणि रिक्त पदे हे तक्रारींचे विषय असत.

रचना राज्यभर एकच असली, तरी तिचा प्रत्यक्ष आविष्कार जिल्ह्यागणिक बदलला. जेथे आदिवासी हक्कांच्या वा जमिनीच्या चळवळींचा वारसा होता, तेथील लोकांना अधिकाऱ्यांसमोर उभे राहून प्रश्न विचारण्याचा सराव होता. जेथे तो नव्हता, तेथे सुनावणीपूर्वी अनेक महिने माहिती व धीर देण्याचे काम करावे लागले. आरोग्य कर्मचाऱ्यांना आरंभी ही प्रक्रिया आपल्याविरुद्धचा खटला वाटे. औषधांचा तुटवडा, रिक्त पदे या त्यांच्याही अडचणी आहेत आणि त्या वरिष्ठांपर्यंत पोहोचविण्यास सुनावणीचा उपयोग होतो, हे जाणवल्यावर काही ठिकाणी कर्मचारीही या प्रक्रियेचे सहभागी झाले.

मेळघाटात कोरकू भाषा व परंपरागत उपचारक यांना वगळून आरोग्यसंवाद होऊ शकत नाही. आजारी बालकास प्रथम भूमकाकडे नेण्याची रीत असल्याने, त्याला केवळ अंधश्रद्धेचा प्रतिनिधी मानावे की बालकास वेळीच रुग्णालयात पाठविणारा दुवा बनवावे, हा तेथील आघाड्यांपुढील प्रत्यक्ष प्रश्न आहे.

धारावी

मुंबईतील धारावीत १ एप्रिल २०२० रोजी कोविड-१९ चा पहिला रुग्ण आढळला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरच्या आत लाखो लोक राहतात. एका खोलीत अनेक माणसे आणि सार्वजनिक शौचालये अशा स्थितीत गृहविलगीकरण बहुतेकांना अशक्य होते. त्यामुळे शाळा, सभागृहे व क्रीडासंकुल यांत संस्थात्मक विलगीकरणाची सोय करण्यात आली. महानगरपालिकेने वस्तीतीलच खासगी डॉक्टरांना घरोघरच्या तपासणीत सामावून घेतले. अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे याच डॉक्टरांकडे जात असल्याने त्यांच्यासमोर लक्षणे सांगण्यास लोक तयार झाले. स्वयंसेवी संस्था व स्थानिक मंडळांनी अन्नवाटप सांभाळले. कुंभारवाड्यापासून चर्मोद्योगाच्या गल्ल्यांपर्यंत विविध भाषा व व्यवसायांच्या या वस्तीत जुन्या ओळखींनीच यंत्रणेचे दरवाजे उघडले.

अन्य देशांतील उदाहरण: नॉर्थ करेलिया

फिनलंडच्या पूर्वेकडील नॉर्थ करेलिया प्रांतात मध्यमवयीन पुरुषांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अत्यंत जास्त होते. १९७१ मध्ये प्रांतातील प्रतिनिधींनी शासनाकडे निवेदन दिले आणि १९७२ मध्ये पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला. दुग्धव्यवसाय हा तेथील उपजीविकेचा आधार असल्याने लोणी कमी खाण्याचा सल्ला हा शेतकऱ्यांच्या उत्पन्नावरच आघात ठरत होता. प्रकल्पाने 'मार्था' या गृहिणींच्या जुन्या संघटनेमार्फत पाककृती बदलण्याचे काम केले, आणि स्थानिक हवामानात वाढणाऱ्या बोरवर्गीय फळांच्या लागवडीचा पर्याय शेतकऱ्यांपुढे ठेवला. आरोग्याची मागणी मान्य होण्यासाठी उपजीविकेचे उत्तरही सोबत असावे लागते, याचे हे उदाहरण मानले जाते.

मर्यादा आणि टीका

आघाडी या कल्पनेवर पुढील आक्षेप घेतले जातात.

१. 'समुदाय' हा एकजिनसी नसतो. गावाचे मत म्हणून पुढे येणारे मत अनेकदा प्रबळ गटाचे असते. आघाडी स्थानिक संदर्भाशी जुळवून घेताना त्या संदर्भातील अन्यायाशीही जुळवून घेण्याचा धोका असतो. जामखेडच्या हातपंपांचे महत्त्व येथे कळते: तेथे गावाची रीत समजून घेतली गेली, पण ती प्रमाण मानली गेली नाही.

२. अनुदान देणाऱ्या संस्थांचे वेळापत्रक आणि विश्वास निर्माण होण्यास लागणारा काळ यांचा मेळ बसत नाही. निधी संपताच अनेक आघाड्या विसर्जित होतात.

३. लोकसहभागाच्या नावाखाली शासनाची जबाबदारी लोकांवर, विशेषतः अल्प मोबदल्यावर काम करणाऱ्या स्त्रियांवर ढकलली जाऊ शकते. आशा कार्यकर्तींच्या मानधनाविषयीच्या आंदोलनांत हा मुद्दा सातत्याने पुढे आला आहे.

४. एखाद्या आघाडीचे यश प्रभावी व्यक्तीमुळे की रचनेमुळे, हे ठरविणे कठीण असते. त्यामुळे यशस्वी प्रयोगाचा राज्यव्यापी विस्तार करताना अडचणी येतात. याला काही अपवाद आहेत. गडचिरोलीतील ३९ गावांत सर्चने गावातील स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरोघरी काळजी घेतली. त्यामुळे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ही पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत देशभर स्वीकारण्यात आली. उपचाराची पद्धत अशा रीतीने अन्यत्र नेता येते. तिच्यामागचा गावाचा विश्वास मात्र प्रत्येक ठिकाणी नव्याने मिळवावा लागतो.

हे सुद्धा पहा

- प्राथमिक आरोग्य केंद्र
- आशा कार्यकर्ती
- ग्रामसभा
- जन आरोग्य अभियान
- गडचिरोली जिल्हा